पाठवणीचा मारवा

मंठ्यावरून जायची वेळ आली की मी एस.टी.त खिडकीजवळ बसत नाही. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टोपीकडे बघत राहतो आणि गाव मागे पडलं की मान वर करतो. बरं, तिथं मी कुणाचं काही चोरलेलं नाही, कुणाला फसवलेलं नाही. मी फक्त रडलो होतो. पण असा रडलो होतो की अख्ख्या मंगल कार्यालयानं हातातलं काम टाकून माझ्याकडे पाहिलं. ते रडणं ज्यांच्यामुळे झालं त्या काकांबद्दल मला सांगायचं आहे, पण त्याआधी स्वतःबद्दल थोडं सांगणं भाग आहे.

मला रडू फार लवकर येतं. बक्षीस समारंभात तिसऱ्या नंबरचं पोरगं स्टेजवर चढलं की येतं. टीव्हीवर एखादा मुलगा पहिल्या पगारातून आईला प्रेशर कुकर आणतो, त्या जाहिरातीला येतं. वडीगोद्रीला हायवेवर आमचं नाश्त्याचं हॉटेल होतं. तिथं ट्रकवाल्यांसमोर माझे डोळे भरून आले की वडील गल्ल्यावरून हळूच म्हणायचे, "आत जा. गिऱ्हाईक बघून राह्यलं." मी भज्यांच्या कढईमागे जाऊन उभा राहायचो, म्हणजे धुराचं निमित्त सांगता यायचं. पुढे मंठ्याच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो, तर पहिल्याच निरोप समारंभात पोरांनी मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी 'नळ सर' झालो. लाज ही माझी अशी लहानपणापासूनची सोबतीण आहे.

काकांची वरची खोली भाड्यानं मिळते असं कळलं म्हणून बघायला गेलो, तर त्यांनी खोली दाखवलीच नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, लाडवाच्या डब्याएवढा एक स्पीकर माझ्या मांडीजवळ ठेवला आणि मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले, "ऐका जरा." कुठल्यातरी बाईंच्या आवाजातला फार जुना, खरखरता जोगिया सुरू झाला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी थोड्या वेळात माझे गाल ओले झाले. काका खुर्ची सरकवत इतके जवळ आले की त्यांच्या चष्म्यात मला माझंच तोंड दिसायला लागलं.

"कुठून सुरू झालं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पाणी. बाईनं आवाज वर नेला तव्हा, का खाली येताना?"

"खाली येताना," मी नाक ओढत म्हणालो.

"सामान घेऊन या," काका म्हणाले. खोलीत बाथरूम आहे की नाही, हे मला राहायला गेल्यावर कळलं.

काका पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पूर्ण बाहीचा शर्ट आणि खाली चौकड्याची लुंगी. जन्म कालव्याला पाणी सोडण्यात गेलेला, त्यामुळे गाण्यातही त्यांना कालवाच दिसायचा. एखादी चीज लवकर भिडली नाही तर म्हणायचे, "थांब, टेलला, पार कालव्याच्या शेवटाला, पोचायला वेळ लागतो." गाण्यातलं शास्त्र त्यांना येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. रागांची नावं ते व्हिडिओखाली लिहिलेली वाचायचे. सकाळचा राग संध्याकाळी आणि रात्रीचा दुपारी बाराला लावायचे. त्यांना एकच गोष्ट हवी होती. कोणत्या गाण्यानं माणसाला खात्रीनं रडू येतं?

त्यासाठी ते सापडेल त्याला धरायचे. दूधवाल्याला तोडी ऐकवली. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला बागेश्री ऐकवली, तो बिचारा हात जोडलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत उभा राहिला. गॅसवाला तर खांद्यावर भरलेला सिलेंडर घेऊन दारात उभा होता आणि काका त्याच्या डोळ्यांत डोकावत होते. शेवटी तो म्हणाला, "काका, हे खाली ठिवू का? मंग निवांत रडतो." गल्लीतली माणसं पुढे पुढे मागच्या रस्त्यानं जायला लागली.

निकाल ते तिथल्या तिथं द्यायचे. दरबारीनं माणूस गप्प होतो पण रडत न्हाई. बागेश्रीनं आठवण येते, तेवढंच. शिवरंजनीला ते लबाड म्हणायचे. "ही कुणालाबी रडवती. हिच्यावर भरोसा ठेवता येत न्हाई." माझ्यावरही त्यांचा भरोसा महिनाभरातच उडाला. मोबाइलवर तोडी ऐन रंगात असताना मध्येच कपाशीच्या बियाण्याची जाहिरात लागली आणि माझं रडणं त्या जाहिरातीतही चालूच राहिलं. काकांनी स्पीकर बंद केला. "तुझं गेटच गळकं आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी 'अहो सर'चा 'अरे'वर आलो. एका परीनं बढतीच म्हणायची.

या बैठकांना तिसरे होते कादरभाई, मंडप आणि साऊंडचे मालक, काकांचे जुने दोस्त. ते चहासाठी यायचे आणि सुरांकडे कमी, आवाजाकडे जास्त लक्ष द्यायचे. "काका, ये डब्बे में से क्या रोना आएगा? मेरे गोदाम पे चलो, बड़े बॉक्स पे लगाता." आणि माझ्याकडे बघून, "इनको मत लाना, गोदाम भिजून जाईल." मी हसायचो, पण आतून कुठंतरी मेल्यासारखं व्हायचं.

स्वतः काका कधीच रडायचे नाहीत. मी रुमाल पिळत असायचो आणि ते कोरडे ठणठणीत. मला वाटायचं, हा माणूस दुसऱ्याच्या रडण्याची मजा बघतो आहे. एकदा माझा तोल गेला. संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता मी म्हणालो, "काका, लोकांना रडवून तुम्हाला काय मिळतं?"

काकांनी हातातली चादर नीट घडी घालून दोरीवरच ठेवली.

"लोकांना कशाला रडवू? मी माझ्यासाठी शोधून राह्यलो," ते म्हणाले. "मला रडू येत न्हाई."

धूळ गेली तर येतं, कांदा कापला तर येतं, जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडंही जाऊन आलो, मशीन बराबर आहे म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. फक्त जिथं यायला पाहिजे तिथं येत नाही. बायको गेली तेव्हाही आलं नाही. दोन्हीकडची माणसं जमली होती आणि हे कोरड्या डोळ्यांनी लाकडं मोजून घेत होते, कुणाला चहा मिळाला कुणाला नाही ते बघत होते. त्यांची मेव्हणी भर अंगणात बोलली, "माझी बहीण मेली, यांच्या बापाचं काय गेलं? बघा, सुटल्यासारखं वाटून राह्यलं त्यांना." आणि दारात त्यांची मुलगी वैशाली उभी होती. दहावीतली पोरगी. तिनं ते ऐकलं आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलती," काका म्हणाले. "चूक न्हाई तिची. तिला जे दिसलं ते खरंच होतं ना. मी सांगणार तरी काय? आतून फुटलो होतो असं म्हणायचं? पुरावा काय?"

वैशाली पुण्यात नोकरीला होती. दिवाळीला आली तेव्हा माझ्याशी एकदाच बोललेली, "वर पाणी येतं का?" असं. मी "येतं" म्हणालो होतो. आमची ओळख एवढीच, आणि हे मी आत्ताच स्पष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचीच पंचाईत झाली.

तिचं लग्न ठरलं आणि काकांचा शोध एकदम जोरात आला. आता त्यांना तारीख मिळाली होती. पाठवणीच्या वेळी, तिच्या डोळ्यांसमोर, एकदा रडायचं. "जास्त न्हाई. दोन थेंब आले तरी बस्स," ते म्हणायचे. लग्नाची खरेदी मेव्हणीवर सोडून हा माणूस दिवसभर स्पीकरला कान लावून बसायचा. मी कॉलेजातून आलो की जिन्यातच विचारायचे, "आज पिलू ऐकायचा का?" आणि मला त्यांची दया यायची, आणि दया आली की अर्थातच रडू यायचं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी खालून हाक मारली. मी धावत गेलो. सारंगीवर मारवा चालू होता. काका गळ्यावर हात ठेवून बसले होते.

"इथं हललं," ते म्हणाले. "इथं काहीतरी हललं रे."

डोळ्यांत काही नव्हतं, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मारव्यात षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर, लवकर येतच नाहीत, सूर त्याच्याभोवती फिरत राहतो, हे मी नंतर कुठेतरी वाचलं. काकांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. "घर दिसतं, पण दार सापडत न्हाई." मी रुमाल काढला. माझं चालूच होतं.

कादरभाईंना मारवा पसंत नव्हता. "शादी में ये? लोग समझेंगे कोई गुज़र गया." पण काकांच्या तोंडाकडे बघून त्यांनी गोदामात मोठे बॉक्स लावून दिले. मंडपाच्या बांबूंमध्ये आमची रंगीत तालीम झाली. मिशीवाले कादरभाई डोक्यावरून झालरीचं कापड घेऊन नवरी झाले, काकांसमोर उभे राहिले आणि जड आवाजात म्हणाले, "बाबा, येते मी." काकांना रडू आलं नाही. मला आलं. कादरभाईंनी कापड काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

तिथंच काकांच्या डोक्यात ती कल्पना आली. "पाठवणीच्या वक्ताला तू माझ्या बराबर समोर उभा राहा. गाडीपाशी. तुझं सुरू झालं की तुझ्याकडं बघतो. कदाचित तेवढ्यानं गेट उघडंल." मी नको म्हणालो. भर मांडवात रडायचं माझ्या जिवावर आलं. पण त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात. इतकं कुणी माझ्या रडण्याकडे आशेनं पाहिलं नव्हतं.

लग्न व्यवस्थित लागलं. जेवणं झाली. ऊन कलायला लागलं तशी गाडी फुलं लावून दारात आली. वैशालीची ओटी भरली, मेव्हणीनं गळा काढला, बँडवाल्यांना कादरभाईंनी हातानं गप्प केलं आणि बॉक्समधून सारंगी सुरू झाली.

मी आयुष्यात बरंच काही ऐकलं असेन, पण तो मारवा पुन्हा ऐकायची माझी हिंमत नाही. लग्नाचा गलका हळूहळू उतरत गेला. वाढपी बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. बँडमधला ढोलवाला ढोलावर हनुवटी टेकून रडत होता. नवरदेवाच्या वडिलांनी गॉगल चढवला. वैशाली रडत होती, पण बापाकडे न बघता. आणि काका? ताठ, कोरडे, माझ्यावर नजर लावून, हात पाठीमागे बांधून उभे.

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं काहीच येत नव्हतं. यांना येणार नाही, हे मला कळलं, आणि माझा बांधच फुटला. साधं रडणं नव्हे. मी हंबरडा फोडला. गाडीचं दार धरलं, तरी फुलांच्या माळेसकट खाली बसलो.

आधी एकदोघं "अरे, अरे" करत आली. मग नवरदेवाच्या मामांचा आवाज आला, "हा कोण आहे?"

"वरचा भाडेकरू," कुणीतरी म्हणालं.

"भाडेकरू? एकटा राह्यतो?"

"हो."

"मंग भाडेकरू एवढा कशाला रडून राह्यला?"

कादरभाईंनी गाणं बंद केलं. ते बंद व्हायला नको होतं, कारण त्या शांततेत फक्त माझे हुंदके उरले. शंभर डोळे माझ्यावरून वैशालीवर गेले आणि तिच्यावरून नवरदेवावर. नवरदेव शेरवानीचं बटण चाचपत बायकोकडे बघत होता. तिचं रडणं थांबलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला आजही एस.टी.त खिडकीपाशी बसू देत नाही. मला सांगायचं होतं की ताई, आपण फक्त पाण्याबद्दल बोललोय. पण तोंडातून शब्द फुटेना. जितका शब्द काढायला जावं तितका हुंदका बाहेर यायचा, आणि प्रत्येक हुंदक्यासरशी तिची अब्रू माझ्यामुळे जात होती. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"पाव्हणे," काका म्हणाले. "त्याला मी उभा केलाय."

मामा वळले. "म्हणजे?"

"रडायला उभा केलाय. माझ्यासाठी."

"म्हणजे रडायला माणूस ठेवला तुम्ही?" कुणीतरी मागे फिस्सकन हसलं.

"हो, ठेवला." काकांचे हात आता पाठीमागे नव्हते, पुढे आले होते. "मला रडू येत न्हाई, पाव्हणे. पोरगी चालली, तरी येत न्हाई. हे गाणं मीच लावाया सांगितलं. सहा महिने झाले, दूधवाला, गॅसवाला, सगळ्यांना ऐकवून राह्यलो. इचारा गावात कुणालाबी. डॉक्टरकडं जाऊन आलो. या पोराला लवकर येतं म्हणून समोर उभा केला, की त्याचं बघून माझं येईल. त्याचा काय बी संबंध न्हाई. हसायचं तर मला हसा."

आणि लोक हसले. सगळे नाही, पण हसले. मेव्हणीनं पदरात तोंड लपवलं. ज्या गोष्टीची लाज त्यांनी घरातल्या पोरीपासून इतकी वर्षं लपवली, ती त्यांनी वऱ्हाडासमोर, वाढप्यांसमोर, बँडवाल्यांसमोर सांगून टाकली होती. मी खाली बसल्या जागेवरून त्यांच्या चपलांकडे बघत होतो. वर बघायची माझी छाती नव्हती.

मग ते मामांना सोडून वैशालीकडे वळले. आवाज एकदम खाली आला.

"तुझी आई गेली तव्हाबी आलं न्हाई, वैशू. मला हवं होतं. लई हवं होतं. आलंच न्हाई."

"मंग सांगितलं का न्हाई बाबा?" पुण्यात इतकी वर्षं काढलेली पोरगी त्या क्षणी मंठ्याचं बोलली. "मी काय काय समजून बसले. एवढी वर्षं. एकदा सांगायचं तरी."

"लाज वाटली, बाई."

ती दोन पावलं पुढे आली. बापाच्या गळ्यात पडली आणि तिनं आपला गाल त्यांच्या गालाला लावला, घट्ट, मुंडावळ्या, काजळ, सगळ्यासकट. किती वेळ ती तशीच राहिली कोण जाणे. कुणी हसत नव्हतं आता. नवरदेवानं पुढे होऊन काकांच्या पायाला हात लावला, आणि मग खाली वाकलेलाच होता म्हणून मलाही हात देऊन उठवलं. त्याचा तो हात मला फार जड झाला.

ती बाजूला झाली तेव्हा काकांचे दोन्ही गाल ओले होते. हनुवटीपर्यंत काजळाचा ओघळ आला होता. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "बघा बाई, बाप रडला शेवटी." गावात आजही तेच सांगतात. मी अगदी जवळ होतो. काकांच्या डोळ्यांत काही नव्हतं. ते सगळं पाणी तिचं होतं.

गाडी गेली. मामांनी जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली आणि "मास्तर, आमच्या पोरीच्या लग्नाला या बरं का" म्हणाले. त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं असेल, पण मला ते खांद्यावरून झटकून टाकता आलं नाही. पुढच्याच महिन्यात मी खोली सोडली. काका नको म्हणत होते, पण बाजारात निघालो की कुजबुज व्हायची आणि तिच्यावर पुन्हा काही येईल याची मला भीती वाटायची. खरं म्हणजे भीती कमी आणि लाज जास्त.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मांडव रिकामा होत होता. काका एका खुर्चीवर बसले होते, तोंडावर ते काळे-ओले ओघळ तसेच. जाणारे-येणारे बघत होते. कादरभाईंनी बॉक्सच्या वायरी गुंडाळायच्या सोडून कुठून तरी पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्यापुढे धरला. "काका, मुँह धो लो. लोग देख रहे."

काकांनी तांब्या घेतला. मग माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि तो माझ्या हातात दिला.

"तू धू," ते म्हणाले. "माझं राहू दे."